बुडालेल्या नाल्याच्या काठाने

घोडाझरी तलावाच्या पाळीवरून पाहिलं तर समोर डोंगरांच्या पायथ्यापर्यंत सपाट पाणी दिसतं. पहिल्यांदाच गरी घेऊन डोंग्यात बसणाऱ्याला वाटतं, एवढ्या पाण्यात ती कुठेही टाकली तरी मासा लागणारच. मग दोन-तीन तास उन्हात तापून तो रिकाम्या हाताने परततो आणि सांगत सुटतो, की तलावात आता मासेच उरले नाहीत. मासे असतात. पण मोठ्या तलावाचा बराच भाग त्यांच्या कामाचा नसतो. खोल पाणी जिथे उथळ होतं, उघडं पाणी जिथे पाणवनस्पतींना भिडतं, ऊन जिथे सावलीला लागतं, अशा कडांना ते धरून असतात. पहिल्या फेरीत या कडा ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं, असं माझं मत आहे. गरीला काय लागलं हा त्यानंतरचा भाग.

कडा कळायच्या तर तलाव कसा झाला ते आधी कळलं पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या आसपासचे बहुतेक सगळे मोठे तलाव माणसाने बांधलेले आहेत. नागभीडकडचा घोडाझरी, सिंदेवाही-सावलीच्या बाजूचे नलेश्वर आणि असोलामेंढा हे ब्रिटिश काळातले, विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतले, धानाला पाणी मिळावं म्हणून बांधलेले तलाव. त्यांच्याही कितीतरी आधी कोहळी समाजाच्या लोकांनी या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तलाव बांधले. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन मिळे, आणि त्या बळावर इथे सुमारे सात हजार तलाव उभे राहिले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असं मानतात. सगळ्यांची रीत एकच: दोन टेकड्यांच्या मधून नाला जिथे चिंचोळा होऊन बाहेर पडतो, तिथे मातीची पाळ घालायची आणि पाणी मागे तुंबू द्यायचं.

याचा अर्थ असा, की तलावाच्या पोटात तो नाला अजून आहे. त्याची वळणं आहेत, दरडी आहेत, दोन्ही अंगांना कधीकाळची शेतं आणि तोडलेल्या झाडांची ठुठं आहेत. पाणी पाळीजवळ सगळ्यात खोल आणि वरच्या अंगाला, नाला जिथून येतो तिकडे, उथळ होत गेलेलं असतं. नवीन पाणी त्याच नाल्याच्या वाटेने आत येतं आणि खाद्यही त्याच वाटेने येतं. मासे दिवसभर या जुन्या पात्राच्या दरडीला धरून फिरतात: भूक लागली की वरच्या उथळ पाटावर चढायचं, ऊन वाढलं किंवा आवाज झाला की पुन्हा खोलात उतरायचं. नवख्याने ही वाट शोधायची असते.

ढिवर, म्हणजे इथला पिढीजात मासेमार, ती कशी शोधतो हे पाहण्यासारखं आहे. यंत्र नाही, नकाशा नाही. डोंगा हाकता हाकता तो काठावरच्या दोन खुणा एका रेषेत आणतो, समजा एक वाळलेलं मोहाचं झाड आणि त्यामागचा टेकडीचा खांदा. मग दुसऱ्या बाजूच्या दोन खुणा. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे डोंगा थांबतो. समुद्रावरचे नावाडी शतकानुशतकं हेच करत आले. त्यानंतर तो हातातला बांबू सरळ खाली सोडतो. बांबू मऊ रुतला तर गाळ, खरखरला तर मुरूम, टणकन आपटून बाजूला सरकला तर ठूठ. दोन-तीन हात पुढे जाऊन बांबू एकाएकी तळाला लागेनासा झाला, की समजायचं नाल्याची दरड आली. मी हे जवळून पाहिलं तेव्हा बांबूपेक्षा त्या माणसाच्या तळहाताकडे लक्ष गेलं. बोटं सैल होती. घट्ट धरलेल्या बांबूतून तळ कळत नाही.

पण डोंगा पाण्यात जाण्याआधी एक गोष्ट व्हावी लागते, ती म्हणजे परवानगी. तलाव सरकारी आहे म्हणून मासेही सगळ्यांचे, असा समज शहरातून येणाऱ्यांचा असतो. तो चुकीचा आहे. मालगुजार, म्हणजे सारा गोळा करणारे गावमालक, होते त्या काळात पाणी, मासे, शिंगाडा यांवर कोणाचा किती हक्क हे निस्ताराच्या, म्हणजे गावाच्या सामाईक वापरहक्कांच्या, नोंदींत लिहिलेलं असे. तेव्हाच्या मध्यप्रदेश सरकारने 1950 मध्ये मालगुजारी संपवण्याचा कायदा केला, तो 1951 मध्ये अमलात आला आणि तलाव सरकारजमा झाले. तेच आजचे माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव. मोठे पाटबंधाऱ्याकडे गेले, लहान जिल्हा परिषदेकडे. मासेमारी मात्र ठेक्याने दिली जाते आणि बहुतेक ठिकाणी ती ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असते. तलावात बीज सोडण्याचा खर्च संस्था करते, राखण तीच करते, ठेक्याची रक्कमही तीच भरते. तेव्हा संस्थेच्या माणसाला विचारल्याशिवाय गरी टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधीतलं धान कापणं. विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. वर सोबत माणूस आणि डोंगाही मिळतो, आणि त्याचे पैसे द्यावेत.

दुसरी परवानगी वनखात्याची. घोडाझरीच्या भोवतालचं जंगल 2018 मध्ये अभयारण्य झालं आणि ब्रह्मपुरी वनविभागात ताडोब्याच्या बाहेरही वाघांची संख्या मोठी आहे. कुठल्या काठाला जाता येतं आणि कुठे नाही हे स्थानिकाला विचारूनच ठरवावं. खुद्द ताडोब्याच्या तलावात तर मगरी आहेत आणि तिथे मासेमारी करताच येत नाही. इकडच्या तलावांवर उजाडायच्या आधी एकट्याने काठाकाठाने डोंग्यापर्यंत चालत जाणं हा शहाणपणा नव्हे. चांगलं उजाडू द्यावं, दोघा-तिघांनी बोलत जावं. पाण्यावर गेल्यावर गप्प बसायला भरपूर वेळ असतो.

आता डोंगा. जुना डोंगा एकाच खोडातून कोरलेला, अरुंद, गोल बुडाचा. हल्ली टिनाचे आणि फायबरचेही दिसतात, आणि काही जण ट्रकच्या ट्यूबवर बसूनही जाळी टाकतात, पण नवख्याने ट्यूबच्या वाटेला जाऊ नये. गोल बुडाचा डोंगा डोलतो, आणि डोलणं म्हणजे बुडणं नव्हे हे पहिल्या काही मिनिटांत अंगवळणी पाडावं लागतं. माणसाचा भार जितका खाली, तितका डोंगा स्थिर. बुडावर मांडी घालून बसलं तर तो डोलून पुन्हा सरळ होतो. तोच माणूस उभा राहिला की भार कमरेएवढा वर जातो आणि एका कुशीला झुकलेला डोंगा स्वतःहून सरळ होत नाही. "उभा नोको राहू बाबू, खाली बस," हे वाक्य प्रत्येक नवख्याला ऐकावं लागतं. मासा लागला की उठावंसं वाटतं आणि धोक्याची वेळ नेमकी तीच. दोघं असतील तर दोघांनी एकाच बाजूला वाकायचं नाही. एक मासा ओढत असेल तर दुसऱ्याने विरुद्ध अंगाला रेलून बसायचं.

या भागातलं पाणी माणसं घेतं, हे विसरून चालत नाही. मार्च 2025 मध्ये घोडाझरीत उतरलेले चिमूर तालुक्यातले पाच तरुण बुडाले. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यातल्या अनेक जणी घरी परतल्या नाहीत. त्या काही हौसेने पाण्यावर गेल्या नव्हत्या, पलीकडे रोजी होती म्हणून गेल्या होत्या. आपण हौसेने जातो, तेव्हा अंगात लाइफ जॅकेट नसेल तर जायचंच नाही, एवढा नियम तरी पाळावा. जॅकेट अंगात हवं, पट्टे बांधून. डोंग्यात शेजारी ठेवलेलं जॅकेट उलटल्यावर हाती लागत नाही. पोहता येतं हा भरवसाही अपुरा आहे, कारण काठाजवळच्या पाणवनस्पतींत पाय अडकतात आणि गाळात माणूस गुडघाभर रुततो. डोंगा उलटलाच तर काठ जवळ दिसला तरी त्याला सोडायचं नाही. लाकडी डोंगा पाणी भरलं तरी तरंगत राहतो, आणि शोधायला आलेल्यांना पाण्यावरचं डोकं दिसण्याआधी डोंगा दिसतो.

वाऱ्याबद्दल थोडं जास्त सांगितलं पाहिजे, कारण बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, गरी टाकलेल्याला त्याचा अंदाज नसतो. लाटेची उंची मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा आहे आणि अडथळ्याविना पाण्यावरून तो किती लांब धावला. गावतळ्यावर तो धावायला लागतो न लागतो तोच काठ येतो. मोठ्या तलावावर तोच वारा एका टोकाला नुसत्या सुरकुत्या पाडतो आणि दुसऱ्या टोकाला डोंग्यात पाणी टाकणाऱ्या लाटा उठवतो. म्हणून निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं. दमल्यावर परतीची वाट वाऱ्याच्या सोबतीने सोपी होते. उलट केलं तर जाताना मजा वाटते आणि येताना हात भरून येतात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ एका कोपऱ्यात काळवंडलं, वारा अचानक पडला आणि उकाडा वाढला, तर वादळ जवळ आलं आहे असं समजून सरळ काठ गाठावा. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो आणि वीज उंच वस्तू शोधते.

खरं म्हणजे पहिल्या फेरीसाठी उन्हाळा निवडूच नये. ब्रह्मपुरीचं नाव दरवर्षी देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत असतं. पावसाळाही नको. तेव्हा माशांच्या विणीचा हंगाम असतो आणि पाण्याचा भरवसा नसतो. दिवाळीनंतर धान कापणीला येतं तिथपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. पाणी निवळलेलं, वारा बेताचा, तलाव भरलेला.

वेळेचं गणित ऑक्सिजनवर चालतं. पाणवनस्पती आणि शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतात, रात्री मात्र माशांसारख्याच तो वापरतात. त्यामुळे पहाटे, सूर्य उगवण्याच्या सुमारास, पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. ढगाळ, उमसलेल्या दिवसानंतरच्या पहाटे तर मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात. नवख्याला वाटतं मासे वर आले, आता पटापट लागतील. गुदमरलेला मासा खात नाही. ऊन वर चढून तास-दीड तास झाला की पाणी जागं होतं आणि मासे चरायला लागतात. दुसरी चांगली वेळ ऊन कलल्यावरची. उन्हाळ्यात खोल भागात आणखी एक अडचण असते. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड पाणी वर येत नाही आणि तळाशी ऑक्सिजन संपत जातो. तेव्हा पाळीजवळच्या सगळ्यात खोल डोहात गरी सोडणं व्यर्थ.

कोणता मासा कोणत्या थरात, हे त्याच्या तोंडावरून कळतं आणि मला यात फार गोडी वाटते. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो. वारा ज्या काठाला लागतो तिकडे हे जीव वाहत जातात, म्हणून कटला त्या अंगाला शोधावा. रोहूचं तोंड किंचित खाली, ओठाला झालर. तो मधल्या थरात, वनस्पतींच्या आणि ठुठांच्या आसपास, त्यांवरचं शेवाळ खरवडत फिरतो. मृगळाचं तोंड आणखी खाली वळलेलं, तो तळाचा गाळ चाळतो. गरीला लावलेलं शिसं तळाला टेकवायचं की मध्ये अधांतरी ठेवायचं, हे त्यावरून ठरतं. नवख्याने रोहूच्या थरापासून सुरुवात करावी: नाल्याच्या दरडीच्या वर, तळापासून हातभर उंचीवर. आमिष साधं. धानाचा कोंडा, थोडी ढेप आणि घट्ट येण्यापुरती कणीक मळून बोराएवढी गोळी करायची. हाच कोंडा आणि हीच ढेप मत्स्यपालनात खाद्य म्हणून घालतात, त्यामुळे बीज होऊन आलेल्या माशाला त्याची चव ओळखीची असते. दोन-चार गोळ्या आधीच नुसत्या पाण्यात सोडाव्यात.

मग दोरीला बांधलेल्या थर्माकोलच्या तुकड्याकडे पाहत बसायचं. रोहू आमिष एकदम गिळत नाही. तुकडा आधी थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो, मग आडवा सरकायला लागतो. थरथरताना ओढलं तर गरी रिकामी येते. सरकायला लागल्यावर मनगटाने हलकासा झटका द्यायचा, खांद्याने नाही. मासा लागला की दोरी गुंडाळण्याची घाई न करता त्याला पळू द्यायचं, दोरी फक्त ताणलेली ठेवायची. तो ठुठाकडे वळेल तेवढं मात्र रोखायचं, कारण एकदा दोरी ठुठाला गुंतली की मासाही गेला आणि गरीही. पाण्यावर प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने दिसले तर ती कोणाची तरी जाळी आहे. तिथून लांब राहायचं. एका जाळ्यात कुटुंबाचे बरेच पैसे गुंतलेले असतात.

काठाजवळ गरीला सिंघी मासळी लागली तर हाताने धरू नये. तिच्या छातीच्या पंखांत विषारी काटा असतो आणि तो लागला की हात तासन्‌तास ठणकतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने कळ बरीच कमी होते, आणि सूज वाढली तर डॉक्टर गाठावा.

मरळीबद्दल वेगळं सांगतो. वनस्पतींच्या कडेला, कमरेएवढ्या पाण्यात, कधी कधी तांबूस ठिपक्यांचा एक गोळा पृष्ठभागावर खदखदताना दिसतो. ती मरळीची पिल्लं. मरळीला पाण्यातल्या ऑक्सिजनशिवाय वरची हवाही लागते, म्हणून पिल्लं सारखी वर येऊन हवा घेतात आणि खाली जातात, आणि सगळा गोळा एकत्र सरकत राहतो. त्याच्या खाली किंवा बाजूला आई-बाप असतात, राखणीला. अशा वेळी समोर काहीही टाकलं तरी ते चवताळून अंगावर येतात, त्यामुळे पकडायला याहून सोपी मरळ नाही. आणि अशी मरळ पकडू नये. आई-बाप उचलले की आसपासचे मासे तो गोळा बघता बघता फस्त करतात.

मरळ तलावातच वीण करते, कटला-रोहू-मृगळ करत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणूनच पावसाळ्याच्या सुरुवातीला चढणीचे मासे नाल्यांत दिसतात. साचलेल्या पाण्यात त्यांची अंडी पिकत नाहीत. ही अडचण सोडवली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात त्यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांची वीण घडवून आणली. तेव्हापासून मत्स्यजिरे, मग बोटुकली, मग तलाव, हा क्रम सुरू झाला. आपल्या गरीला लागलेला रोहू बहुधा कुणीतरी विकत आणून सोडलेल्या बोटुकलीतून वाढलेला असतो.

मात्र विकतच्या बीजावर सगळा भर दिल्याने देशी मासे आणि पाणवनस्पती मागे पडल्या. काठ बेशरमच्या झुडपांनी भरले. अर्जुनी मोरगाव भागात पतीराम तुमसरे आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवर बाया-माणसांसोबत हे काम हाती घेतलं: बेशरम उपटायची, तळ नांगरायचा आणि कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे जुन्या माणसांना विचारून ती पुन्हा लावायची. देशी मासे परतले, पक्षीही परतले. डोंग्यातून जाताना देवधानाचा किंवा कमळाचा पट्टा दिसला तर तो तुडवू नये. तिथे वल्हं मारण्याऐवजी बांबूने हळूच बाजूने जावं.

परत येईपर्यंत तळहाताहून लहान मासे ओल्या हाताने गरीतून सोडवून पाण्यात सोडलेले असावेत. कोरड्या हाताने अंगावरची बुळबुळीत साय निघते आणि मासा पुढे रोगाने मरतो. ठेवलेले मासे संस्थेच्या काट्यावर तोलून त्या दिवसाच्या भावाने पैसे द्यावेत.

आणि मे महिन्यात एकदा त्याच तलावावर जावं, स्थानिकाला सोबत घेऊन. पाणी ओसरलेलं असतं, वरच्या अंगाला उघड्या गाळावर गाळपेर केलेली असते, आणि हिवाळ्यात पाण्याखाली असलेला नाला, त्याचं वळण, ठुठं, मुरमाचे पट्टे डोळ्यांना दिसतात. मोबाइलवर जागा टिपून घ्याव्यात, काठावरच्या खुणांच्या रेषा कागदावर ओढाव्यात. ठुठं हलत नाहीत, पण पावसागणिक गाळ चढतो आणि नाल्याची दरड थोडी बुजते. म्हणून जुन्या टिपणावर विसंबू नये, दर उन्हाळ्यात ते नव्याने करावं.